हिरवळीची लागवड : आधी माती, मग गवत



शेतात हरळी दिसली की आपण कुदळ हाती घेतो. तिची एक मुळी राहिली तरी ती पुन्हा वाफाभर पसरते, हे आपणांस सांगायला नको. परंतु घरापुढे किंवा कार्यालयाच्या आवारात हिरवळ लावायची म्हटली, की याच हरळीकडे पाहून आपण नाक मुरडतो आणि रोपवाटिकेतून महागड्या गवताच्या लाद्या आणतो. पुष्कळ ठिकाणी वर्षा-दोन वर्षांत ते गवत जळते आणि त्या जागी जी आपोआप उगवते, ती हरळीच असते.

हिरवळ म्हणजे बंगलेवाल्यांची हौस, असे आता म्हणता येत नाही. रस्त्याकडेच्या शेतांत लग्नसमारंभासाठी 'लॉन्स' उभी राहिली आहेत. राज्याने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केल्यानंतर अनेक शेतकरी कुटुंबे या व्यवसायात उतरली आहेत. अशा ठिकाणी हिरवळीत गुंतलेला पैसा शेतीतूनच आलेला असतो आणि तिला लागणारे पाणीही पिकाच्याच विहिरीतले असते.

काही वर्षांपूर्वी एका शेतकरी बंधूंच्या लॉन्सवर जाण्याचा योग आला. भारी काळ्या जमिनीच्या २० गुंठ्यांवर त्यांनी लाल मातीत वाढविलेल्या गवताच्या लाद्या जूनमध्ये अंथरल्या होत्या. दिवाळीपर्यंत हिरवळ डोळ्यांत भरेल अशी होती. फेब्रुवारीत जमिनीला भेगा पडू लागल्या, एप्रिलमध्ये विहिरीने तळ गाठला आणि ऐन लग्नसराईत गवत पिवळे पडले. ठरलेल्या दोन तारखा हातच्या गेल्या. आम्ही एक लादी हाताने उचलून पाहिली, तर ती चटईसारखी गुंडाळत वर आली. लाल मातीतली मुळे खालच्या काळ्या मातीत उतरलीच नव्हती. त्यांनी मेहनतीत कसूर केली नव्हती. मातीचा आणि मे महिन्यातील पाण्याचा हिशेब तेवढा आधी झाला नव्हता. तो कसा करावा, हे या लेखात पाहू.

पाण्याचा हिशेब

हिरवळ किती गुंठे लावावी, हे जूनचा पाऊस पाहून ठरवू नये. मे महिन्यात विहिरीत किंवा बोअरमध्ये किती पाणी उरते, ते पाहून ठरवावे.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. हरळीच्या हिरवळीला कडक उन्हाळ्यात दररोज सुमारे ४ ते ५ मिलिमीटर पाणी लागते. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. म्हणजे गुंठ्याला दररोज ४०० ते ५०० लिटर पाणी झाले. घरापुढच्या दोन गुंठ्यांना ८०० ते १,००० लिटर लागेल. २० गुंठ्यांच्या लॉन्सला ८ ते १० हजार लिटर, म्हणजे रोज जवळजवळ एक मोठा टँकर लागेल.

हा आकडा आपल्या विहिरीला झेपत नसेल, तर हिरवळीचे क्षेत्र कमी करावे. उरलेल्या जागेत मुरूम पसरून धुमस करावी, फरशी घालावी किंवा सावलीची झाडे लावावीत. पाच गुंठे हिरवळ बारमाही हिरवी ठेवणे हे वीस गुंठे उन्हाळ्यात जळालेली पाहण्यापेक्षा केव्हाही चांगले.

जमिनीची परीक्षा

हिरवळीची मुळे मुख्यतः वरच्या १५ ते ३० सेंटिमीटर थरात राहतात. हा थर कसा आहे, हे लागवडीपूर्वी दोन-तीन महिने तपासावे.

जागेत दोन-तीन ठिकाणी ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. तो पाण्याने भरून जिरू द्यावा. पुन्हा भरावा आणि तासाभरात पाणी किती उतरते ते पट्टीने मोजावे. तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी पाणी उतरत असेल, तर निचरा अपुरा आहे असे समजावे. त्याच खड्ड्यांतील माती एकत्र करून मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्यावी. सामू, क्षारता आणि चुनखडीचे प्रमाण या तीन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. बोअरचे पाणी मचूळ असल्यास पाण्याचाही नमुना द्यावा.

भारी काळी जमीन : पावसाळ्यात ती फुगते व चिबडते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भेगांबरोबर मुळे तुटतात. यावर उपाय म्हणून अनेकजण वरून दोन-तीन सेंटिमीटर वाळू पसरतात. तिचा उपयोग होत नाही. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळली तर निचरा सुधारत नाही आणि नुसती वर पसरली तर वेगळा थर तयार होतो. त्याऐवजी जागेला एका बाजूस उतार द्यावा. १०० फुटांना १ फूट एवढा उतार पुरतो. खालच्या कडेला ४५ ते ६० सेंटिमीटर खोल चर काढून पाणी बाहेर न्यावे. नंतर जमीन २० सेंटिमीटर खोल खणून तिच्यात भरपूर कुजलेले शेणखत मिसळावे आणि वर १० सेंटिमीटर पोयटा मातीचा थर द्यावा. हा थर देताना खालच्या मातीत त्याची थोडी कालवाकालव करावी, म्हणजे दोन थरांमध्ये सांधा राहत नाही आणि मुळे खाली उतरतात. एका गुंठ्यावर १० सेंटिमीटर थरासाठी १० घनमीटर, म्हणजे सुमारे साडेतीन ब्रास माती लागते. तलावातील गाळ स्वस्त मिळतो म्हणून तो आणू नये. हलक्या शेतजमिनीला तो उपकारक असला, तरी बहुतेक गाळ चिकणमातीचाच असतो. काळ्या जमिनीवर तो टाकल्यास दुखणे वाढते.

हलकी मुरमाड जमीन : निचरा उत्तम, पण पाणी व अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची ताकद कमी. वरचे दगडगोटे वेचून पोयटा मातीचा १५ सेंटिमीटर थर द्यावा. शेणखताची मात्रा वाढवावी. अशा जमिनीला थोडे आणि लवकर पाणी द्यावे लागते.

मध्यम जमीन : हिरवळीसाठी सर्वांत सोयीची. खोल खणणी, शेणखत आणि सपाटी एवढे पुरते.

चोपण जमीन : कालव्याखालील भागात ही अडचण दिसते. माती परीक्षणाप्रमाणे जिप्सम द्यावे आणि निचऱ्याचा चर काढल्याशिवाय लागवड करू नये. निचरा नसेल तर जिप्समचा खर्च वाया जातो.

कोकणातील जांभा जमीन : येथील माती आम्लधर्मी असते. परीक्षणात सामू फार कमी आढळल्यास शिफारशीप्रमाणे चुना द्यावा. अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पावसात नवी माती धुपून जाते, म्हणून उताराच्या जागी टप्पे पाडावेत.

गवताची निवड

हरळी म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वाच. तिची मुळे खोल जातात, जमिनीखालील कांड्यांत अन्नसाठा राहतो आणि पाणी तुटले तर ती वरून वाळून आतून जिवंत राहते. पाऊस पडताच पुन्हा फुटते. तुडवणूक सोसते, विम्ल आणि थोडी क्षारयुक्त जमीनही चालते. शेतात ज्या गुणांमुळे ती आपली वैरीण ठरते, तेच गुण हिरवळीत उपयोगी पडतात. तिची अडचण एकच, सावलीत ती विरळ होते. दिवसातून किमान सहा तास ऊन मिळेल अशीच जागा तिला द्यावी. पश्चिम महाराष्ट्राचा अवर्षणप्रवण भाग, मराठवाडा आणि विदर्भ येथील उघड्या जागेसाठी पहिली पसंती हरळीलाच द्यावी. बांधावरची जाड पानांची हरळी न घेता बारीक पानांची, जवळ पेरांची निवडावी.

रोपवाटिकांत 'मेक्सिकन', 'कोरियन' अशा नावांनी मिळणारी गादीसारखी मऊ गवते दिसायला सुंदर असतात. ती सावकाश वाढतात, त्यामुळे पडलेले खळगे लवकर भरून येत नाहीत. साचलेले पाणी त्यांना सोसत नाही. घरापुढच्या लहान तुकड्यासाठी ती चालतील. रोज शेकडो माणसांची पावले पडणाऱ्या जागेसाठी घेऊ नयेत.

झाडांच्या सावलीसाठी आणि कोकणातील दमट हवेसाठी रुंद पानांचे कार्पेट गवत चांगले. त्याला ओल सतत लागते, म्हणून कोरडवाहू भागात ते लावू नये.

आकर्षक पाकिटांतून थंड देशांतील गवतांचे बियाणेही विकले जाते. ते हिवाळ्यात उगवून मन मोहून घेते आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात संपते. पाकिटावरचे चित्र पाहून खरेदी करू नये.

पूर्वमशागत

हिरवळीचा खरा शत्रू लव्हाळा. त्याच्या गाठी जमिनीत राहिल्या तर पुढे हिरवळीतून त्या काढणे अत्यंत जिकिरीचे होते. माझ्या स्वतःच्या अंगणात घाई करून मी मे महिन्यातील तापवणी टाळली होती. त्या दोन महिन्यांच्या घाईपायी पुढची तीन वर्षे खुरपे हातातून सुटले नाही.

मार्च-एप्रिलमध्ये जमीन ३० सेंटिमीटर खोल खणावी. ढेकळे महिनाभर उन्हात तापू द्यावीत. लव्हाळ्याच्या गाठी, दगड, काचा आणि जुनी मुळे वेचून काढावीत. नंतर एक पाणी द्यावे. १० ते १२ दिवसांत लव्हाळा व इतर तण उगवून येईल, ते गाठीसकट उपटावे. असे दोन ते तीन वेळा करावे.

शेवटच्या खणणीच्या वेळी दर गुंठ्यास पुढीलप्रमाणे खते मिसळावीत.

१) पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत : ४०० ते ५०० किलो
२) सिंगल सुपर फॉस्फेट : ५ किलो
३) म्युरेट ऑफ पोटॅश : १ किलो

कच्चे शेणखत कदापि वापरू नये. त्यातून तणाचे बी आणि हुमणीच्या अळ्या येतात. हुमणीचा उपद्रव असलेल्या भागात शेणखतातून गुंठ्यास २०० ग्रॅम मेटॅरायझियम ही जैविक बुरशी द्यावी. जुन्या पुस्तकांत यासाठी बीएचसी पावडर किंवा फोरेट सांगितलेले आढळेल. बीएचसीवर १९९७ पासून बंदी आहे आणि फोरेटचा वापरही आता बंद झाला आहे. घराच्या अंगणात, जेथे मुले खेळतात तेथे, अशी विषारी औषधे नकोतच.

खते मिसळल्यावर भरपूर पाणी देऊन माती बसू द्यावी. वाफसा आल्यावर दोरी लावून खळगे भरावेत आणि हलका रोलर फिरवावा.

शेताकडे हरळी जाऊ नये म्हणून

हे काम लागवडीपूर्वीच करावे. हिरवळीच्या चारही कडांना ३० सेंटिमीटर खोल चर काढून त्यात शहाबादी फरशीचे तुकडे उभे गाडावेत. फरशी व पीक यांच्यामध्ये एक मीटरची मोकळी पायवाट ठेवावी. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कडेने फिरून बाहेर आलेले धावते कोंब कापावेत. कापलेले गवत शेतात किंवा कच्च्या शेणखताच्या खड्ड्यात टाकू नये. कांडीचा प्रत्येक ओला पेरा रुजतो. ते जनावरांना घालावे किंवा फरशीवर पूर्ण वाळवावे. युरिया दिल्यानंतर किंवा फवारणीनंतर लगेच कापलेले गवत मात्र जनावरांना देऊ नये.

लागवड

वेळ : मराठवाडा, विदर्भ व पश्चिम महाराष्ट्रात चांगला पाऊस झाल्यावर जूनअखेर ते ऑगस्ट. कोकणात पावसाचा जोर ओसरल्यावर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. नोव्हेंबर ते जानेवारी लागवड करू नये, कारण थंडीत हरळीची वाढ थांबते.

ठोंब लावणे : ही पद्धत सर्वांत कमी खर्चाची व खात्रीची आहे. हरळीचे मुळासह, तीन-चार पेरांचे तुकडे करावेत. १० सेंटिमीटर अंतरावर ओळी धरून प्रत्येक १० सेंटिमीटरवर एक तुकडा टोकावा. दोन पेरे मातीत आणि एक वर राहील असे लावून माती हाताने दाबावी. या अंतराने एका गुंठ्यात सुमारे १० हजार तुकडे बसतात. एक चौरस मीटर दाट हरळीतून साधारण १० चौरस मीटर जागेची लागवड होते. तेव्हा आदल्या वर्षी कोपऱ्यात एक-दोन वाफे बारीक हरळी वाढवून ठेवल्यास बेणे विकत घ्यावे लागत नाही. दोन-अडीच महिन्यांत जमीन झाकली जाते.

शेणकाल्याचा लेप : हरळीचे ५ सेंटिमीटर लांबीचे तुकडे करून शेण, माती व पाण्याच्या घट्टसर काल्यात मिसळावेत आणि भिजविलेल्या जमिनीवर अडीच सेंटिमीटर जाडीचा लेप द्यावा. वर चाळलेली माती पसरावी. मोठ्या क्षेत्रासाठी हे काम झटपट होते, पण पहिले पंधरा दिवस लेप वाळू देऊ नये.

बी पेरणे : गुंठ्यास ३०० ग्रॅम बी पुरते. ते चौपट बारीक मातीत मिसळून अर्धे उभे व अर्धे आडवे फेकावे. मुसळधार पावसाच्या दिवसांत पेरू नये.

लाद्या अंथरणे : समारंभाची तारीख जवळ असेल तरच ही पद्धत वापरावी. लाद्या कोणत्या मातीत वाढविल्या आहेत, हे विक्रेत्याला विचारावे. शक्यतो आपल्या जमिनीसारख्या मातीतल्या घ्याव्यात. खालची जमीन ८-१० सेंटिमीटर भुसभुशीत करून ओली करावी, लाद्या विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधे चुकवून बसवाव्यात, रोलर फिरवावा आणि सांध्यांत चाळलेली माती भरावी. तीन आठवड्यांनी एक कोपरा हलकेच उचलून पाहावा. तो सहज वर आला, तर मुळे धरलेली नाहीत असे समजून पाणी खोलवर द्यावे.

लागवडीनंतरची निगा

पाणी : पहिले तीन आठवडे पाऊस नसल्यास रोज हलके पाणी द्यावे. गवत रुजल्यावर रोज शिंपडण्याची सवय मोडावी. रोज थोडे पाणी दिल्याने मुळे वरच राहतात आणि पाणी चुकले की गवत करपते. मध्यम जमिनीत उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी एकदाच, गुंठ्यास सुमारे २,००० लिटर, पहाटे किंवा सकाळी द्यावे. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई टोचून पाहावी. ती १५ सेंटिमीटर सहज गेली तर पाणी पुरले असे समजावे.

कापणी : गवत ६-७ सेंटिमीटर झाल्यावर धारदार विळ्याने पहिली कापणी करावी. पुढे यंत्राने ३ ते ४ सेंटिमीटर उंची राखावी. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. उन्हाळ्यात उंची ५ सेंटिमीटर ठेवावी, म्हणजे जमीन तापत नाही.

खत : जुलै ते ऑक्टोबर आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये महिन्यातून एकदा गुंठ्यास १ किलो युरिया द्यावा. चुनखडीच्या जमिनीत त्याऐवजी २ किलो अमोनियम सल्फेट द्यावे. पाने कोरडी असताना खत फेकून लगेच पाणी द्यावे. कडक उन्हाळ्यात आणि कडाक्याच्या थंडीत खत देऊ नये.

पिवळेपणा : चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत पाणी व युरिया देऊनही कोवळी पाने पिवळी पडत असतील, तर ती लोहाची कमतरता असते. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस व १० ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून सायंकाळी फवारावे. दहा दिवसांनी पुन्हा फवारावे. फरशीवर थेंब पडू देऊ नयेत, तांबडे डाग पडतात.

हुमणी : हिरवळीत वाळलेले ठिपके दिसले आणि गवत ओढताच मुळाविना हातात आले, तर खाली हुमणी असते. माती उकरून अळ्या वेचाव्यात. पहिल्या वळवाच्या पावसानंतर कडुनिंब व बाभळीवर रात्री जमणारे भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत.

तुडवणूक : पाऊस किंवा पाणी झाल्यावर दोन दिवस हिरवळीवर गर्दी, मांडवाचे सामान किंवा ट्रॅक्टर येऊ देऊ नये. ओली काळी माती दबली की मुळांना हवा मिळत नाही. लग्नसराई संपल्यावर टोकदार सळईने ८-१० सेंटिमीटर खोल छिद्रे पाडून त्यांत चाळलेले शेणखत झाडून घ्यावे.

पाणी तुटलेच तर

दुष्काळी वर्षात पीक, जनावरे आणि पिण्याचे पाणी यांचा हक्क पहिला. अशा वेळी हरळीची हिरवळ बिनधास्त वाळू द्यावी. कापणी व खत थांबवावे, वर्दळ बंद ठेवावी आणि शक्य झाल्यास पंधरा दिवसांतून एकदा गुंठ्यास हजार लिटर पाणी द्यावे. वरून वाळलेली हरळी पहिल्या पावसात पुन्हा हिरवी होईल. दुसऱ्या गवतांच्या बाबतीत अशी खात्री देता येत नाही.

वर सांगितलेल्या लॉन्सवर त्या बंधूंनी पुढच्या जूनमध्ये १२ गुंठे कमी करून आठच गुंठे हिरवळ ठेवली. उतार काढला, कडेला चर खोदला आणि आपल्याच बांधावरची बारीक हरळी निवडून टोकली. पुढच्या मे महिन्यात ती थोडी फिकट झाली, पण जमीन सोडली नाही. एकही तारीख रद्द करावी लागली नाही.

तेव्हा यंदा हिरवळ लावण्याचा विचार असेल, तर रोपवाटिकेत जाण्यापूर्वी तीन कामे करावीत. जागेत फूटभर खड्डा घेऊन पाणी किती वेळात जिरते ते पाहावे. मे महिन्यात विहिरीत किती पाणी असते ते आठवावे. आणि बांधावरची हरळी एकदा नीट निरखावी. आपल्याला हवे असलेले गवत तेथेच सापडण्याचा संभव आहे.